राक्षस चादर पांघरून घरी आला आहे

वाचकाचा प्रश्न, थोडक्यात: सिंहगड रस्त्यावर राहणाऱ्या एका आईचे पत्र आले आहे. त्यांचा मुलगा सहा वर्षांचा असून इंग्रजी माध्यमाच्या शाळेत पहिलीत आहे. मे महिन्याच्या सुट्टीत त्या, त्यांचे यजमान, सासूबाई, मुलगा आणि आठ वर्षांची पुतणी असे पाच जण एका मोठ्या नाट्यगृहात बालनाट्य पाहायला गेले. मुलाला नीट दिसावे म्हणून त्यांनी मुद्दाम तिसऱ्या रांगेची तिकिटे काढली होती. पहिल्या अंकात अचानक दिवे लाल झाले, धूर सोडला गेला आणि राक्षसाने प्रेक्षकांमधल्या वाटेने एंट्री घेतली. मुलाने कान झाकले, तो आईच्या मांडीवर चढला आणि मग किंचाळून रडू लागला. मागून कोणीतरी "त्याला बाहेर न्या ना" असे म्हणाले. आई त्याला घेऊन बाहेर आल्या आणि मध्यंतरानंतरही तो आत जायला तयार झाला नाही. पुतणीने मात्र नाटक शेवटपर्यंत शांत बसून पाहिले. यजमान म्हणतात, तिकिटांचे पैसे वाया गेले, आता दोन-तीन वर्षे नाटकाचे नाव नको. सासूबाई म्हणतात, हल्लीच्या मुलांना बसायची सवयच नाही, आधी मोबाइलवर नाटके दाखवा. आईंना स्वतःला वाटते की दिवाळीच्या सुट्टीत पुन्हा न्यावे आणि या वेळी काहीही झाले तरी शेवटपर्यंत बसवावे, म्हणजे भीती मोडेल आणि कानावर चांगले मराठीही पडेल. "आम्ही लहानपणी एवढी बालनाट्ये पाहिली, कधी रडल्याचे आठवत नाही," असे त्या लिहितात. मुलाला नाट्यशिबिरात घालावे का, हा त्यांचा आणखी एक प्रश्न आहे. जवळच्या वाचनालयात मुलांसाठी गोष्टींचा कार्यक्रम होतो, "पण ते काही नाटक नव्हे." पत्राच्या अगदी शेवटी त्यांनी लिहिले आहे: "चार रात्री बाथरूमचा दिवा चालू ठेवावा लागला. आणि आता रोज संध्याकाळी हा चादर पांघरून 'खबरदार, एक पाऊलही पुढे टाकाल तर!' असे ओरडत घरभर फिरतो, त्याने सासूबाई वैतागल्या आहेत."

सप्रेम नमस्कार.

तुमचे पत्र मी दोनदा वाचले आणि दोन्ही वेळा त्या शेवटच्या वाक्यापाशी थांबले. चादरीचे ते वाक्य तुम्ही तक्रार म्हणून लिहिले आहे, आणि तेही सासूबाईंच्या नावावर. माझ्या मते तुमच्या प्रश्नांचे निम्मे उत्तर त्याच वाक्यात आहे, म्हणून मी तिथूनच सुरुवात करते.

जो मुलगा पहिल्या अंकातच रडत बाहेर आला, तोच आता रोज संध्याकाळी राक्षसाचा संवाद जसाच्या तसा म्हणतो. म्हणजे जेवढा वेळ तो आत होता तेवढ्या वेळात त्याने पुष्कळ काही पाहिले आणि कान झाकलेले असतानाही ऐकले. ज्या गोष्टीची भीती वाटली तीच अंगावर पांघरायची, आपल्या मापाची करायची आणि मनात येईल तेव्हा काढून टाकायची, हा खेळ मुलांना कोणी शिकवावा लागत नाही. नाट्यगृहात राक्षस केव्हा येणार, किती मोठ्याने हसणार आणि केव्हा जाणार यांतले काहीच त्याच्या हातात नव्हते. घरात ते सगळे त्याच्या हातात आहे. तुमच्या सासूबाईंचा वैताग मला समजतो, पण त्यांना एवढे सांगून पाहा की नातवाचे राहिलेले नाटक सध्या घरी चालू आहे आणि त्याच्या प्रेक्षक त्याच आहेत.

चांगल्या मराठीची तुमची काळजीही याच वाक्यात थोडी हलकी होते. 'खबरदार' हा शब्द त्याला शाळेत भेटला असता असे मला वाटत नाही. 'एक पाऊलही पुढे टाकाल तर' हे अर्धे सोडलेले, धमकीने ताणलेले वाक्य तर शिकवून येत नाही. ते त्याच्या तोंडी आले ते त्याला त्याची गरज पडली म्हणून. चादर पांघरलेल्या राक्षसाला साधे 'थांबा' म्हणून चालत नाही.

आता नाट्यगृहात काय घडले ते पाहू. मुलाला नीट दिसावे म्हणून तिसरी रांग घेणे हा बहुतेक सर्व पालकांचा विचार असतो आणि लहान मुलांच्या बाबतीत तो बहुतेक वेळा चुकतो. आपल्या पुण्यातली मोठी नाट्यगृहे मोठ्यांच्या नाटकांसाठी बांधलेली आहेत. १९६८ साली सुरू झालेल्या बालगंधर्व रंगमंदिरात बाल्कनीसह सुमारे हजार माणसे बसतात. एवढ्या मोठ्या प्रेक्षागृहात आवाज शेवटच्या रांगेपर्यंत पोहोचवायचा असतो, त्यामुळे पुढे बसलेल्या माणसाला तो कानांइतकाच छातीत जाणवतो. आपल्याला त्याची सवय झालेली असते. सहा वर्षांच्या मुलाला तो आवाज आपल्याच अंगातून येत असल्यासारखा वाटू शकतो. त्यातच खुर्चीची अडचण असते. उठल्यावर आपोआप दुमडणारी ती खुर्ची लहान मुलाच्या वजनाने पूर्ण उघडी राहत नाही, मूल मागे सरकले की पुढून वर येते आणि त्याचे पाय त्या चिमट्यात अधांतरी राहतात. अंधार, धूर, छातीत घुमणारे हसू आणि खाली जमीन नाही, अशा अवस्थेत राक्षस रंगमंच सोडून त्याच्याच बाजूने चालत आला. मुलाने पळून जाण्याचा निर्णय घेतला, हे मला तरी शहाणपणाचे वाटते.

'हे खोटे आहे' हे त्याला माहीत नव्हते का? असणार. घरी विचाराल तर तो नीट सांगेल की राक्षस म्हणजे दाढी लावलेले काका. पण या वयात ते माहीत असणे आणि ऐन प्रसंगी ते आठवणे यांत अंतर असते. रंगमंचाची चौकट शाबूत असते तोवर ते अंतर मूल सांभाळू शकते, कारण राक्षस तिकडे आणि आपण इकडे, हा करार त्याला समजलेला असतो. नटाने पायऱ्या उतरून प्रेक्षकांत येणे ही दिग्दर्शकाला नेहमीच मोहात पाडणारी युक्ती आहे. थोड्या मोठ्या मुलांना त्यात विलक्षण मजा येते, हेही खरे. तुमच्या पुतणीला आली असेल. तुमच्या मुलाशी केलेला करार मात्र समोरच्या बाजूने मोडला.

पुतणीशी केलेली तुलना जरा बाजूला ठेवावी, असे मी सुचवेन. सहा आणि आठ यांत दोन वर्षांचे अंतर आहे, आणि त्या वयात दोन वर्षे म्हणजे फार मोठा काळ असतो. दुसरे असे की शांत बसलेले मूल घाबरलेले नसते, हे आपण फार सहज गृहीत धरतो. कधी सवडीने तिला विचारा, पण 'तू कशी धीट' असे कौतुक आधी करून नव्हे. त्या वेळी तिचा हात कोणाच्या हातात होता एवढेच विचारा.

पत्रातला जो भाग मला सर्वांत जास्त टोचला तो मागच्या रांगेचा आहे. "त्याला बाहेर न्या ना" हे वाक्य तुम्ही पत्रात दोन वेळा लिहिले आहे. मला वाटते, दिवाळीत त्याला काहीही करून शेवटपर्यंत बसवायचे या तुमच्या निश्चयात त्याच्या भीतीइतकाच त्या वाक्याचाही वाटा आहे. चारचौघांत आपले मूल रडले की आईला आपणच नापास झाल्यासारखे वाटते, आणि मग पुढची परीक्षा मुलाने द्यावी लागते. हे तुमच्या बाबतीत खरे नसेल तर सोडून द्या. थोडे जरी खरे असेल, तर दिवाळीची तिकिटे काढण्यापूर्वी त्याचा विचार करा. (जाता जाता, या बाबतीत माझा राग प्रेक्षकांवर नाही, 'रडणाऱ्या मुलांना बाहेर न्यावे' ही मोठ्यांच्या नाटकांची सूचना बालनाट्यापूर्वीही जशीच्या तशी केली जाते त्यावर आहे. ज्यांच्यासाठी नाटक आहे त्यांनाच ही तंबी कशासाठी?)

आपण लहानपणी कधी रडलो नाही, या आठवणीवरही मी फार विसंबणार नाही. आपण रडलो होतो की नाही हे आपल्या आईला विचारावे लागते. शिवाय आपण जी बालनाट्ये पाहिली ती एकाच प्रकारची नव्हती. मराठीत सुधा करमरकरांनी १९५९ साली मुंबईत 'लिटल थिएटर' सुरू केले आणि रत्नाकर मतकरींच्या 'मधुमंजिरी'पासून बालरंगभूमीवर राजवाडे, पऱ्या, चेटकिणी आणि राक्षस यांची एक भरजरी परंपरा उभी राहिली. मतकरींच्याच नाटकातली चेटकीण अलीकडे, २०१८ पासून, नव्या संचात पुन्हा नाट्यगृहे भरवत राहिली. ही परंपरा मला प्रिय आहे. त्यातली भीती हा खोडसाळपणा नसतो. चेटकीण खरोखर भीतिदायक असल्याखेरीज तिच्या फजितीत रस नाही. पण ही भीती घ्यायची तर ती शेवटपर्यंत घ्यावी लागते आणि त्याला वय लागते.

पुण्यात दुसरीही एक परंपरा आहे आणि ती तुमच्या मुलाच्या जास्त उपयोगाची ठरेल, असा माझा अंदाज आहे. बर्लिनमध्ये फोल्कर लुडविग यांनी 'ग्रिप्स' नावाची बालरंगभूमी घडवली. जर्मन बोलीत या शब्दाचा अर्थ चटकन चालणारी समज असा आहे. डॉ. मोहन आगाशे यांच्या पुढाकाराने १९८६ पासून ती पुण्यात मराठीतून होऊ लागली. तिथे परी नाही आणि राक्षसही नाही. मुलांच्या भूमिका मोठी माणसे करतात आणि विषय घरातले, शाळेतले, रस्त्यावरचे असतात: आईवडिलांचे भांडण, खेळायला नसलेली जागा, मुलगा-मुलगी हा भेद, मित्राशी अबोला. चाळिशीतला नट हाफ चड्डी घालून समोर रुसून बसतो, तेव्हा हे नाटक आहे हे मुलांना वेगळे सांगावे लागत नाही, आणि तरीही रुसवा त्यांना खरा वाटतो. तुमच्या मुलाने नाकारले ते एका जातीचे, एका आवाजाचे, एका अंतरावरून पाहिलेले नाटक. सर्व नाटकांबद्दलचे त्याचे मत अजून कोणी विचारलेले नाही.

आणि आता वाचनालयातल्या त्या गोष्टींच्या कार्यक्रमाकडे येते. "ते काही नाटक नव्हे" असे तुम्ही लिहिले आहे. मी कितीतरी वर्षे शनिवारी सकाळी एका वाचनालयात सतरंजीवर बसून मुलांना गोष्टी सांगितल्या आहेत, त्यामुळे इथे माझा पक्षपात आहे हे आधीच मान्य करते. पण आपल्या भाषेत तरी एका माणसाने उभे राहून गोष्ट सांगणे हे कधीच दुय्यम काम मानले गेलेले नाही. कीर्तनकार पूर्वरंगात विषय मांडतो आणि उत्तररंगात आख्यान लावतो, ते एकट्यानेच राजा, राणी, प्रधान आणि घोडा होऊन. सिंधुदुर्गातल्या पिंगुळीचे चित्रकथी चित्रांच्या पोथ्या समोर धरून रामायण-महाभारतातल्या कथा गातात. शंकर पाटील, द. मा. मिरासदार आणि व्यंकटेश माडगूळकर या तिघांनी तर नुसत्या कथाकथनावर मोठमोठी सभागृहे भरवली. साने गुरुजी कथामालेने हीच गोष्ट मुलांपर्यंत, शाळाशाळांत नेली.

नाटकापेक्षा गोष्टीत एक सोय अधिक आहे आणि ती तुमच्या मुलासाठी महत्त्वाची आहे. नाटकात लाल दिवा ठरल्या वेळी लागतो, तिसऱ्या रांगेतला मुलगा तयार आहे की नाही हे प्रकाशयोजनाकाराला दिसत नाही. गोष्ट सांगणाऱ्याला ते दिसते. समोरच्या मुलाने गुडघे पोटाशी घेतले की राक्षसाचा आवाज अर्ध्यावर आणता येतो, त्याला शिंक येते, त्याच्या पायात काटा मोडतो, तो पाणी मागतो. मी हे शहाणपणाने शिकले असे समजू नका. एकदा पावसाळ्यात, बाहेर अंधारून आले म्हणून मला जोर चढला आणि मी वाचनालयाचे दिवे घालवून हडळीची गोष्ट सांगितली. पहिल्या ओळीतला एक मुलगा न रडता, न बोलता उठला, दाराशी जाऊन त्याने आपल्या चपला घातल्या आणि तो तसाच, पाठमोरा, आई येईपर्यंत उभा राहिला. त्याच्या चपला उलट्या पायांत होत्या. पुढच्या शनिवारी तो आला नाही, त्याच्या पुढच्याही आला नाही. तेव्हापासून मी दिवे चालूच ठेवते आणि हडळ कुठून येणार हे आधीच सांगून टाकते. त्याने गोष्टीची गंमत कमी झाल्याचे मला एकदाही जाणवले नाही.

त्याच सतरंजीवर एक मुलगी माझ्याकडे पाठ करून बसायची आणि पूर्ण वेळ फरशीवर बोटाने रेघा ओढायची. तिच्या आजोबांना ते फार लागायचे. ते दर वेळी तिला धरून माझ्या बाजूला वळवत आणि ती पुन्हा फिरे. एका शनिवारी मी गोष्टीत गेल्या वेळच्या कोल्ह्याला चुकून लांडगा म्हटले, तेव्हा चूक सुधारणारा एकुलता एक आवाज पाठमोऱ्या बाजूने आला. मुलांनी कसे बसावे याबद्दलच्या आपल्या कल्पना मुळात शाळेच्या बाकावरच्या आहेत, त्या नाटकाला किंवा गोष्टीला लावण्याचे कारण नाही. तुमच्या सासूबाई म्हणतात तशी बसण्याची सवय हवी हे एका मर्यादेपर्यंत खरे आहे, पण मूल हलते म्हणजे त्याचे लक्ष नाही, असे होत नाही.

मोबाइलवर नाटक दाखवण्याचा त्यांचा सल्ला मी अर्धा घेईन. पूर्ण नाटक पडद्यावर दाखवून मूल नाट्यगृहासाठी तयार होत नाही, कारण त्याला ज्याचा त्रास झाला तो अंधार, तो आवाज आणि ती जवळीक पडद्यावर नसतेच. मात्र त्या नाटकातली दोन गाणी आधी ऐकवली, तर ती प्रयोगात आल्यावर ओळखीचे माणूस भेटल्यासारखे होते. तेवढ्यापुरता मोबाइल चांगला आहे.

मग दिवाळीत न्यावे की नाही? न्यावे, पण शेवटपर्यंत बसवण्यासाठी नव्हे. आणि शक्य असेल तर आधी त्याच वाचनालयात दोन-चार शनिवार जावे. त्यानंतर एखादा लहान प्रेक्षागृहातला प्रयोग पाहावा. शनिवार पेठेतला सुदर्शन रंगमंच किंवा हिराबागेतले ज्योत्स्ना भोळे सभागृह यांसारख्या जागी नटाचा साधा आवाजही पुरतो आणि दार कुठे आहे ते बसल्या जागेवरून दिसते. तिथे मुलांचा प्रयोग केव्हा लागतो यावर लक्ष ठेवावे लागेल, एवढीच तोशीस. मोठ्या नाट्यगृहाची घाई नाही.

तिकीट काढण्यापूर्वी आयोजकांना फोन करून विचारायला संकोच करू नका. प्रयोग किती वेळाचा आहे, मध्यंतर आहे का, पूर्ण अंधार होतो का आणि एखादे पात्र प्रेक्षकांतून येते का, एवढे चार प्रश्न पुरेत. जाहिरातीत 'सहकुटुंब' आणि 'सर्व वयोगटांसाठी' हे शब्द इतके सर्रास छापले जातात की त्यांवरून काहीच कळत नाही. चारचौघी आयांनी फोन करून हे प्रश्न विचारले, तर कदाचित पुढच्या जाहिरातीत वय नेमके लिहिले जाईल. मोठ्या नाट्यगृहात गेलात तर आठव्या-नवव्या रांगेच्या मागची, कडेची जागा घ्या. ज्या वाटेने पात्र येणार असेल ती कड मात्र टाळा. खुर्ची दुमडू नये म्हणून घडी केलेली जाड शाल किंवा उशी न्या, म्हणजे मूल उंचही बसेल.

नाटकाची गोष्ट आधी सांगून टाका, शेवटासकट. उत्कंठा ही आपली, मोठ्यांची हौस आहे. एकच गोष्ट पन्नास वेळा ऐकणाऱ्या मुलाला पुढे काय होणार हे माहीत असण्यातच सुख असते. प्रयोगाच्या अर्धा तास आधी पोहोचा, पडदा बंद असताना त्याला प्रेक्षागृहात एक फेरी मारू द्या आणि तीन घंटांचा हिशेब त्याला सांगा. तिसऱ्या घंटेनंतर अंधार होतो, हे माहीत असलेल्या मुलाला तो अंधार अचानक झालेला वाटत नाही. तिसरी घंटा मोजण्याचे काम त्याच्याकडे दिले तर आणखी उत्तम.

बाहेर जाण्याचा मार्ग मोकळा आहे हे त्याला आधी कळू द्या. हाताला दोनदा दाबले की आपण उठायचे, विचारपूस नाही, असे ठरवा. आणि त्याच्यासोबत कोण जाणार आणि वेळ आली तर उठणार, हेही घरच्या मोठ्यांनी आपसात ठरवून ठेवा. गेल्या वेळी तुम्ही उठलात, या वेळी यजमान उठतील. यजमानांचा पैशांचा मुद्दा मी हसण्यावारी नेत नाही, पाच तिकिटे, रिक्षा आणि मध्यंतरातले वडे मिळून महिन्याच्या हिशेबात दिसेल एवढी रक्कम होते. म्हणूनच पुढच्या वेळी सगळे घर नेऊ नका. तो आणि तुमच्यापैकी एक जण, असे दोघेच जा. तिकिटे दोनच असली की 'एवढे पैसे भरले आहेत, बस आता' हे वाक्य तोंडातून निघण्याची शक्यताही कमी होते. मध्यंतरातला बटाटेवडा मात्र त्याला तसाच मिळू द्या. तो आत बसल्याचे बक्षीस नसावा.

आणि एक गोष्ट पुण्यात अजून सहज करता येते ती अवश्य करा. प्रयोग संपल्यावर रंगपटात जाऊन नटांना भेटा. आपल्याकडे प्रेक्षक आत येतात याचे नटांना नवल वाटत नाही, आणि मुले आली की बहुतेकांना आनंदच होतो. राक्षस आरशासमोर बसून खोबरेल तेलाने रंग पुसतो आहे, त्याच्या मिशा टेबलावर पडल्या आहेत आणि बाजूला चहाचा पेला आहे, हे दृश्य 'बाळा, ते खोटे असते' या शंभर समजावण्यांपेक्षा जास्त काम करते. त्याची तयारी असेल तरच त्याला मिशांना हात लावू द्या. दारातूनच पाहायचे असेल तर दारातून.

घरी येताना एक प्रश्न मात्र विचारू नका: "काय शिकलास?" आपल्याकडे गोष्टीच्या शेवटी तात्पर्य लावण्याची सवय इतकी मुरलेली आहे की मूल नाटक पाहून आले की लगेच त्याच्याकडून उजळणी घेतली जाते. मुलाच्या दृष्टीने त्या क्षणी नाटकाचा गृहपाठ होतो. त्याऐवजी 'मला ती म्हातारी कळलीच नाही' असे आपणच काहीतरी म्हणून गप्प राहावे. बोलायचे असेल तर तो बोलेल, कदाचित चार दिवसांनी, दात घासताना.

नाट्यशिबिराबद्दल थोडक्यात. मुलांसाठी केलेले नाटक आणि मुलांनी केलेले नाटक या दोन वेगळ्या गोष्टी आहेत. राज्य बालनाट्य स्पर्धेसाठी हौसेने तालमी करणारी मुले मी पाहिली आहेत आणि त्यांचे फार भले होते. पण भीतीवर औषध म्हणून सहा वर्षांच्या मुलाला शिबिरात घालू नये. त्याला स्वतःला हवे असेल तेव्हा घाला, आणि तेव्हाही एका ताईमागे किती मुले आहेत व शेवटच्या दिवशीचा प्रयोग सक्तीचा आहे का, हे विचारा. दहा दिवसांत साठ मुलांचे नाटक बसवायचे असेल तर त्यांतली चाळीस झाडे होतात, आणि मागच्या ओळीतल्या झाडाला नाटकाबद्दल काय वाटते हे कोणी विचारत नाही.

ज्या पालकांची मुले याहून लहान आहेत किंवा ज्यांना आवाजाचा त्रास सगळीकडेच होतो, त्यांच्यासाठी एक-दोन गोष्टी. तीन वर्षांच्या आतल्या मुलाला मोठ्या नाट्यगृहात नेण्यात त्याचा काहीच लाभ नाही. मूल मिक्सर, कुकरची शिट्टी, फटाके अशा रोजच्या आवाजांनाही कान झाकून रडत असेल तर तो नाटकाचा प्रश्न नाही, एकदा बालरोगतज्ज्ञांशी बोलून घ्यावे. तुमच्या पत्रावरून मला तसे वाटले नाही. चार रात्री दिवा लागणे ही काळजीची गोष्ट नव्हे. तोच दिवा कित्येक आठवडे चालू राहिला, झोप उडाली किंवा मूल एकटे खोलीत जाईनासे झाले, तर जरूर विचारावे.

राहता राहिली ती संध्याकाळ. त्याचा खेळ थांबवू नका आणि त्याचे कौतुक करायला पाहुण्यांसमोर करूनही दाखवायला लावू नका. आजींना त्रास होत असेल तर वेळ ठरवून द्या, दिवेलागणीनंतर राक्षसाला सुट्टी. कधीतरी तो तुम्हालाही खेळात घेईल आणि एखादे काम देईल. प्रधान व्हा, घोडा व्हा, चादरीचे टोक धरायला सांगितले तर तेही धरा. राक्षस मात्र मागू नका, तो त्याचा आहे.